पुढून उघडणारा फ्रॉक

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात, कंबर धरलीय. दवाखान्यातल्या खुर्च्या बसण्यासाठी केलेल्या नसाव्यात.) तुझा गुडघा कसा आहे? आधी महत्त्वाचं सांगते: भिंगरीच्या हृदयातलं भोक बुजलं. पोरगी ठणठणीत आहे. आता बाकीचं सावकाश वाच.

छातीवरच्या जखमेला लागू नये म्हणून तू आतून मऊ कापड लावून, पुढून उघडणारा फ्रॉक शिवलास ना? तर छातीवर साधा ओरखडासुद्धा नाही! डॉक्टरबाईंनी मांडीच्या शिरेतून बारीक नळी थेट हृदयापर्यंत नेली आणि तिच्यातून घडी करून पाठवलेली जाळीची चकती आत उलगडून भोकावर बसवली. (मला सुईत दोरा ओवायला चष्मा लागतो.) हे त्यांनी आधी चित्र काढून समजावलं होतं. मी मान डोलावली, पण ‘भोक’ म्हटल्यापासून माझ्या डोक्यात पुढचं काही शिरतच नव्हतं. तुला काय सांगणार, कप्पाळ?

खरी गंमत नंतर झाली. नर्सबाई म्हणाल्या, “पाय सरळ राहू दे हं, वाकवला तर रक्त येईल.” तुझ्या मेहुण्यांनी ही कामगिरी स्वतःकडे घेतली. पांघरुणावरून पाय असा धरून बसले, जणू तो एकटाच पळून जाणार होता. चहा नको, पाणी नको. भिंगरीला जाग आली आणि ती म्हणाली, “बाबा, दुखतोय तो दुसरा.” (नशीब, तो तिने आपणहून सरळ ठेवला होता.) हे ताडकन उठले, तर यांच्याच पायाला मुंग्या! शेजारच्या रिकाम्या खाटेवर धपकन आडवे. नर्सबाई दारातून म्हणाल्या, “यांना कधी भरती केलं?”

मी मात्र सगळा वेळ अगदी शांत होते. घाबरायचं काय त्यात?

तुझी,
धाकटी

ता. क. फ्रॉक वाया गेला नाही. भिंगरी तो उलटा, बटणं पाठीवर घेऊन घालते आणि डॉक्टरबाई होऊन बाहुल्यांच्या मांड्या तपासते. काही आठवडे उड्या मारायला बंदी आहे. माझं ऐकत नाही, तुझं ऐकते.

आणखी एक ता. क. तिला आत नेऊन दार लावलं, तेव्हा तो फ्रॉक माझ्या मांडीवर होता. दार उघडेपर्यंत मी त्याची बटणं लावत होते, काढत होते, परत लावत होते. वरून दुसरं तुटून हातात आलं. तसलं निळं बटण तुझ्या डब्यात नक्की असेल. पोस्टाने पाठवू नकोस. घेऊन ये.