देवकाच्या नावचा कापूस

प्रिय कुंता,

‘प्रिय’ लिहिलं आणि पेन थांबला. सवतीला काय लिहितात, कोणाला विचारू? तानबाच्या तेरवीला तू न बोलता माझ्यापुढं ताट ठेवलंस, तेवढीच आपली भेट. पत्र पाहून घाबरू नको, भांडायला लिहीत नाही. निदान मला तसं वाटतं.

श्रावणात मला तुमच्या तळेगावच्या कृषी सहायक मयुरी मॅडमचा फोन आला. मागच्या हंगामातल्या कापसाचं सरकारी अनुदान मंजूर आहे, आधार कार्ड आणि संमतीपत्र द्या म्हणाल्या. मी म्हटलं, “बाई, मी कारंज्याले ढाब्यावर पोळ्या लाटतो. माह्या नावावर कुंडीभर माती नाई.” त्यांनी वाचून दाखवलं: ऐंशी आर, पीक कापूस, देवकाबाई तानबा. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यानं ते दोन एकर माझ्या नावानं घेतले होते, हे खरं. पण मूल होईना म्हणून चार वर्षांनी मला भावाकडे आणून सोडलं आणि तुला घरात आणलं, तेव्हा कागदही बदलले असतील असंच मी तीस वर्षं धरून चालले. त्यानं का नाही बदलले? विसरला, लाजला, की माझ्यासाठी काहीतरी ठेवायचं होतं त्याला? आता विचारायलाही तो नाही.

कागद दिले, आणि दिवाळीआधी चार हजार खात्यात आले. मला आनंद व्हायला हवा होता ना? पेरलं तू, निंदलं तू, वेचलं तू, आणि पैसे माझ्याकडे. चीड आली, पण कोणाची तेच कळेना. तेवढ्यात माझ्या भाच्यानं, गजेंद्रनं, मोबाईलवर सातबारा काढला. शेत हायवेला लागून आहे हे दिसल्यावर आठ दिवसांत गिऱ्हाईक घेऊन आला. “आत्या, तुह्यं नशीब खुललं. आता फक्त सही कर.” मी त्याच्याच घरात राहते, कुंता. नाही म्हणायला तोंड उघडेना.

सही करण्याआधी शेत एकदा डोळ्यांनी पाहावं म्हणून मी गेल्या गुरुवारी तळेगावला आले. आधी ग्रामपंचायतीत मयुरी मॅडमला विचारलं, माझा नंबर तुम्हाला दिला कोणी? त्या म्हणाल्या, कुंताबाईंनीच, कुठून तरी मिळवून. मोबाईलवरची पीक पाहणीची नोंदही तुझ्या लेकीनं, रक्षानंच केली म्हणे, माझ्या नावानं. मॅडम तुला म्हणाल्या होत्या, ही बाई सापडत नाही असं लिहून टाकू का. तर तू म्हणालीस, “नाई, जिचं नाव तिलेच जाऊ द्या.”

हे ऐकून मी आणखीच गोंधळले. म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं. गप्प बसली असतीस तर मला या जन्मात कळलं नसतं. मग काऊन बोललीस? विचारायचं ठरवून शेतापर्यंत चालत आले. तू पदराची ओटी बांधून वेचत होतीस, पाठमोरी. मधेच कंबर धरून उभी राहिलीस आणि पुन्हा वाकलीस. मला पुढं यायचा धीर झाला नाही. कारंज्याची एस.टी. धरली आणि वाटभर रडले. तुझ्यासाठी, माझ्यासाठी की त्या मेलेल्या माणसासाठी, अजून सांगता येत नाही.

परवा गजेंद्रला नाही म्हटलं. त्यानं माझी पेटी बाहेर काढून ठेवली. ढाब्यामागं एक खोली घेतली आहे, चार हजार त्यातच गेले, ते काही तुला परत मिळणार नाहीत. पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. येत्या सोमवारी अकरा वाजता आष्टीच्या रजिस्ट्री ऑफिसात ये. आधार कार्ड आणि दोन फोटो आण, रक्षालाही घे. ते दोन एकर तुझ्या नावानं करून द्यायचे आहेत. काऊन, असं मला विचारू नको, तुला तरी कुठं सांगता येईल? फक्त सही झाल्यावर लगेच निघून जाऊ नको. जरा वेळ माझ्याजवळ बस.

तुझीच, कोण ते तूच ठरव,
देवका