माझ्या नावाचा नंबर

सोमवार, ३ मार्च
नाही म्हणाली! तोंडावर. "आई, तुला इथे काय कमी आहे?" लेक माझी, पण कधीकधी सासूसारखी बोलते.

कमी काहीच नाही. खोली आहे, दोन वेळचं गरम जेवण आहे, नात आहे. पण ती आता शाळेत जायला लागली. ती गेली की घर खायला उठतं. काल तर धुतलेले पडदे पुन्हा धुतले मी!

खालच्या गल्लीत कपडे धुण्या-इस्त्रीचं दुकान आहे. मालकीणबाईने परवा सहज माझ्या हातात शर्ट दिला. मला तिची भाषा धड येत नाही, तिला माझी नाही, पण इस्त्रीला कुठे भाषा लागते? हे गेल्यावर गावाकडचं आमचं लाँड्रीचं सगळं दुकान मीच ओढलं होतं. शर्ट घडी करून ठेवला तशी बाई म्हणाली, ये कामाला. फक्त करदाता नंबर आण. परदेशी माणसाला त्याशिवाय पगारावर घेता येत नाही. कायदा तो कायदा.

मंगळवार, ४ मार्च
जेवताना जावयांनीच विषय काढला. "आईंना काम करायचंय तर करू दे ना. त्यांच्या राहण्याच्या परवान्यात मुभा आहे. नंबर मी काढून देतो."

लेक ताटावरून उठून गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शुक्रवार, ७ मार्च
कागद, कागद, कागद! पासपोर्ट, परवाना, फोटो — फोटोत मी चोर दिसते. शिवाय मी इथेच राहते याचा पुरावा. घराचा भाडेकरार जावयांच्या नावावर, म्हणून ते स्वतः घरमालकाकडे जाऊन तसं लिहून घेऊन आले. स्वतःच्या आईसाठीसुद्धा कोणी एवढं करणार नाही.

आणि लेक त्यांनाच विचारते, "इतकी काय घाई आहे तुला?"
"घाई नाही. पण कधीतरी करावंच लागेल ना."

नंबर माझा आणि भांडण यांचं!

रविवार, ९ मार्च
सोडून द्यावं म्हणते. आपल्यामुळे पोरांच्यात वाकडं नको.

सोमवार, १० मार्च
नाही सोडत.

बुधवार, १२ मार्च
कराच्या ऑफिसात गेलो. जावयांनी रजा काढली. खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या, एक माणूस हलला की सगळी ओळ हलते. शेजारची बाई पोटाशी फाइल धरून बसली होती, बाळ धरावं तशी. मी हसले, तीही हसली. तेवढंच.

खिडकीमागे एक चष्मेवाली. पोरसवदाच. तिने विचारलं, नाव कुठलं आणि आडनाव कुठलं. माझी नावं तीन! तिने मधलं पकडलं आणि मला ह्यांच्याच नावाने हाक मारायला लागली. मी म्हटलं, "अगं बाई, ते केव्हाच गेले. आता त्यांच्याकडून कसला कर घेता!" जावयांनी भाषांतर केलं आणि चष्मेवाली तोंडावर हात ठेवून हसली. नाव दुरुस्त झालं.

मग बोटांचे ठसे. काचेवर बोट ठेवलं — लाल दिवा. दुसरं — लाल. दहाही बोटं — लालच! तिने पुसून घेतली, दाबून धरली, आपल्या हातात धरून ऊबही दिली. काही उपयोग नाही. धुण्याचा सोडा, उकळतं पाणी आणि इस्त्री यांनी सगळं गुळगुळीत करून टाकलंय. माझ्या बोटांवर मीच उरले नाही!

रडू आलं. आयुष्यभर काम केलं म्हणून काम मिळणार नाही, हा कुठला न्याय?

चष्मेवाली म्हणाली, पुढच्या बुधवारी या. तोवर हात पाण्यात घालू नका. रोज मलम लावा.

गुरुवार, १३ मार्च
भांडी जावयांनी घासली. मी नुसती बघत बसले. लाजच वाटली.

शनिवार, १५ मार्च
आज लेकीने स्वतःहून मलम घेतलं आणि माझी बोटं एकेक करून चोळत बसली. किती वर्षांनी! वर बघितलं तर डोळे भरलेले. "कांदा चिरलास काय गं?" म्हटलं. हसली. पण हात सोडला नाही.

बुधवार, १९ मार्च
उठले! ठसे उठले! उजव्या अंगठ्याने जरा छळलं, पण शेवटी हिरवा दिवा. चष्मेवालीने टाळी वाजवली.

येताना गाडीत जावई म्हणाले, "आई, आता तुम्हाला कुणावर अवलंबून राहायला नको."
"तुम्ही असताना मला कसली काळजी?" मी म्हटलं.
त्यांनी आरसा नीट केला. समोर गर्दी होती.

सोमवार, ३१ मार्च
नंबर आला!! छापील. माझं नाव, बरोबर. शाळेतल्या पाढ्यांसारखा पाठ केला, नातीकडूनही म्हणवून घेतला. लेकीला दाखवला तर तिने मला घट्ट मिठी मारली आणि मिठी सोडेचना. उद्यापासून कामावर!

मंगळवार, १ एप्रिल
पाय दुखतायत. मजा आली.

बुधवार, २ एप्रिल
दुपारी कामावरून आले तर दोघंही घरी. कामाच्या दिवशी! लेक म्हणाली, "आई, बस जरा."

वेगळे होतायत. गेल्या वर्षीच ठरलंय. मारझोड नाही, तिसरं कोणी नाही. "नाही जमत गं आई." जावयांचं म्हणणं होतं, आधी आईंचा नंबर होऊ दे, त्या आपल्या पायावर उभ्या राहू देत, मग सांगू. आणि लेक पुढे ढकलत होती. नंबर आला की मला सांगावं लागणार म्हणून.

मी दोघांसाठी चहा टाकला. दुसरं काय करणार?

जावयांना आता काय म्हणून हाक मारायची, ते विचारायचं राहूनच गेलं.