कढईपुढचा पदर

चूल शिकवलीत, कढई शिकवलीत, पण "बाई, तुला जमलं" एवढं म्हणायला तुमची जीभ कधी वळली न्हाई. तशाच गेलात. मला नातवंडं झाली तरी तो राग हायच.

आत्याबाई, मेलेल्या सासूला चिठ्ठी लिहिणारी सून तुम्ही बघितली नसंल. चौथीतून काढलेल्या हाताला जमंल तसं लिहून राहिले. तुमची पणती, म्हणजे माझी नात, अमेरिकेत असती. तिथं त्यांचा सण होता. त्या सणाला टर्की नावाचं कोंबडीच्या चौपट पाखरू खातात, अन् हिनं ते अख्खंच तेलात तळायचं ठरवलं. तुम्ही माळकरी, नाक मुरडाल. मुरडा, पण ऐका. मला दाखवायला तिनं फोन लावला तर काय, लाकडी छपराखाली शेगडी, तिच्यावर हे मोठं पातेलं, अन् तेल काठापर्यंत. म्हणलं, आधी गॅस बंद कर अन् सगळं उघड्यावर ने. तर म्हणती, आजी, बाहेर लई थंडी हाय. म्हणलं, थंडीनं घर जळत न्हाई. तेल निम्मं काढायला लावलं. तुम्ही तरी कढई अर्ध्याच्या वर कुठं भरू दिली कधी? मग विचारलं, पाखरू कोरडं हाय का. हाय म्हणली. पोटात हात घाल म्हणलं. हात घातला अन् झटक्यात बाहेर काढला. आत बर्फाचा गोळा. तो उकळत्या तेलात गेला असता तर, आत्याबाई, आज ही चिठ्ठी तुम्हाला न्हाई, तिला लिहावी लागली असती. तवा माझ्या तोंडून निघालं, "तेल कुणाची नात हाय ते बघत न्हाई."

बोलले मी, आवाज तुमचा होता. निलंग्याकडचं आपलं अंगण दिसलं. दिवाळीची कढई अंगणात मांडलेली, करडईच्या तेलाचा वास, अन् मी नवी सून ओल्या बोटांनी करंजी उचलते. तुम्ही म्हणता, "थांब. तेल कुणाची सून हाय ते बघत न्हाई." जावा फिदीफिदी हसतात. मी मनात जळते. पण ते बोलताना तुम्ही तुमचा सुती पदर माझ्यापुढं करता अन् मी मान वर न करता हात पुसते. पुढं दर दिवाळीला तेच, टोमणा अन् पदर. टोमणा मी जन्मभर जपला. पदर परवा आठवला.

पाखरू तिनं बर्फ पुरता वितळल्यावर, आतून बाहेरून पुसून, गॅस तेवढ्यापुरता बंद करून हळूच तापल्या तेलात सोडलं. चांगलं झालं म्हणं. नात म्हणली, आजी, तुला फोनवरनं पण जमलं. गोड पोरगी हाय, पण मला ते तिच्याकडनं ऐकायचं नव्हतं.

एक सांगते, हसू नका. बर्फ काढून ती हात पुसायला फडकं शोधत होती, तवा मी इथं लातुरात बसून माझा पदर फोनापुढं धरला. कुणी बघितलं न्हाई.

ही चिठ्ठी टाकायची कुठं? पिठाच्या डब्याखाली ठेवते. उत्तर मात्र तुम्हीच द्यायचं. स्वप्नात मामंजींना पाठवू नका. ते येतात, पाणी मागतात अन् जातात.