शकुनबाईनंतर

प्रिय सायलीताई,

कोटऱ्याच्या वस्तीत घरोघर जाऊन मी बायकांना आमच्या डॉक्टरांकडे कॅन्सरच्या तपासणीला बोलावते. सगळ्यांत आधी शकुनबाई आली. स्तनात गाठ निघाली, पण फार उशीर झाला होता. दिवाळीआधी ती गेली. तपासणीनंच मेली, असं वस्ती म्हणते. आता तपासणीला कुणीच येत नाही.

काल तिची मुलगी तापाचं औषध न्यायला आली. काखेत दुखतं म्हणाली. मी बघायला पुढे झाले, तशी ती मागे सरली.

"दीदी, हाथ मत लगाना. अम्मा को भी आपने ही लगाया था."

औषध न घेताच ती निघून गेली. आज तिच्या घरी गेले, तर तिनं दार उघडलं नाही.

ताई, आपली आई याच आजारानं गेली. तूही तपासून घे, एवढंच लिहायला बसले होते. आता तेही सांगायचा धीर होत नाही.

तुझी,
जुई