ज्याला लागलं, त्याची चूक

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर बघून दचकू नकोस. बोलतोय मी, लिहितेय तुझी भावजय. माझ्या डोळ्यांवर पट्टी आहे. कारखान्यात अंगावर ॲसिड उडालं. मान, गाल आणि डावा डोळा भाजला. उजवा वाचेल असं डॉक्टरीणबाई म्हणतात. डाव्याचं विचारलं की त्या आधी खोकतात आणि मग उकाड्याबद्दल बोलतात. तुला इतक्या उशिरा कळवतोय, कारण आधी कळवलं असतं तर तू शिलाई मशीन डोक्यावर घेऊन धावत आली असतीस.

काम तुला माहीत आहेच. गंजलेले पाइप ॲसिडच्या टाकीत बुडवून साफ करायचे, मग त्यांना जस्ताचा मुलामा द्यायचा. त्या दिवशी पिंपातून आलेलं ॲसिड फार कडक होतं. ते पातळ करायचं तर पाण्यात ॲसिड सोडावं लागतं, तेही हळूहळू. ॲसिडात पाणी ओतलं की ते उसळतं. फोरमनने घाई लावली आणि माझ्या हातून उलटं झालं.

पट्टीमागे अंधार असेल असं मला वाटलं होतं. तसं नाही गं. तिथे एक तळं आहे. आमच्या टाकीएवढंच, पण काठावर गवत आहे. पाइप ओले, चकचकीत होऊन आपले आपण वर तरंगत येतात. काठावर आई पाय सोडून बसलेली असते. मी ओरडतो, आई, पाय काढ, ते पाणी नाही. ती म्हणते, गार आहे रे, तूही ये. तिच्या पायांना काही होत नाही. जाग आल्यावरही मी बराच वेळ तिथेच असतो, आणि ही मला चहा घ्या म्हणून हाका मारत बसते.

मालक स्वतः येऊन गेले, फळं घेऊन. गेटवर बसायचं काम देतो म्हणाले. फक्त एका कागदावर सही हवी आहे, की मी सांगितलेलं न ऐकता डोळ्यांवरचा सुरक्षेचा चष्मा काढला, पाणी ओतलं, आणि माझी काही मागणी नाही. पट्टी सुटली की करून टाकेन. चूक माझी, मग भांडू कुणाशी?

(ताई, कंसातलं हे माझं. ते सांगतात तसं लिहिते आहे. पटतं म्हणून नव्हे.)

लोभ आहेच, त्यात काळजी जरा कमी घाल.
तुझा,
बारक्या

९ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून रडले, मग चिडले, मग पुन्हा रडले, आणि त्या नादात एका कोटाची डावी बाही उजवीकडे लावून बसले. गेटवर बसायचं काम! अरे, लहानपणी तुला दारात उभं करून मी पाणी आणायला जायचे, तर तू येणाऱ्याजाणाऱ्याला आत बोलावून गूळ वाटायचास. तू काय राखण करणार!

मालक फळं घेऊन आले, चांगलं केलं. फळं खा. कागदाला मात्र हात लावू नकोस. फळांच्या पाठोपाठ कागद निघाला की समजावं, पिशवी कशासाठी आणली होती. तू म्हणशील, ताईला सगळ्यात काळंबेरं दिसतं. दिसतं बाबा. दिवसभर काळे कोटच शिवते मी.

आणि त्या कोटांवरूनच सुचलं. माझ्याकडे एक वकीलबाई कोट शिवायला येतात. या आठवड्यात माप बघायला यायच्या आहेत. एकदा अंगावर टाचण्या लावल्या की वकील पळू शकत नाही. तेव्हा सगळं विचारून घेते. तोवर थांब, माझी शपथ आहे.

आई तुला तळ्याकाठी भेटते, गार पाण्याला बोलावते. माझ्या स्वप्नात आली की काजं वाकडी झालीत म्हणून ओरडते. लाडका तूच होतास, हे आता तरी कबूल कर. पण ये म्हणाली तरी जाऊ नकोस हं. तिला सांग, ताईने नाही म्हटलंय.

माझी माया तुला पुरून उरेल एवढी आहे, ती जपून वापर.
तुझी,
ताई

१५ फेब्रुवारी

सौ. ताईंना,
शि. सा. नमस्कार.

हे पत्र माझं एकटीचं. ते झोपले आहेत. त्यांना न सांगता लिहिते आहे, रागावू नका.

पाणी त्यांनी ओतलंच नाही, ताई. गोळीच्या गुंगीत ते बोलतात. परवा माझा हात घट्ट धरून म्हणाले, तू नाही ओतलंस, मी ओतलं, तू गप्प राहा. मी विचारलं, कुणी गप्प राहायचं? तर म्हणाले, सुस्कारे. हे आडनाव नव्हे, सवय आहे. यांच्या टाकीवरचा जोडीदार. बोलतो कमी, सुस्कारे फार सोडतो, म्हणून सगळे त्याला तेच म्हणतात. पाणी त्याने ओतलं.

मग मी टाकीवरच्या एकाच्या बायकोकडे गेले. तिने सांगितलं, हा तिथला जुना रिवाज आहे. ज्याला लागलं, चूक त्याने आपल्या नावावर घ्यायची. म्हणजे धडधाकट आहे त्याची नोकरी राहते, आणि त्याने दोन्ही घरं चालवायची. कुणी कुणाला सांगत नाही, सगळे तसंच करतात. ऐकून मला भरून आलं आणि रागही आला. आमच्या दाराच्या कडीला आठवड्याला सामानाची पिशवी लटकलेली असते ती कुठून येते, ते तेव्हा कळलं. सुस्कारेभाऊजी ती अडकवून निघून जातात. मी हाक मारली तर जिन्यावरून नुसता सुस्कारा ऐकू येतो.

आणि चष्मा काढला होता म्हणतात, तेही खोटं. मी रोज जखमा पुसते. उजव्या डोळ्याभोवती चष्म्याच्या आकाराची कातडी कोरी आहे, जराही भाजलेली नाही. डाव्या बाजूचं रबर कडक होऊन चिरलं होतं, तिथून आत गेलं. नवा चष्मा मागून मागून हे थकले होते.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊ शकतं, पण मोठ्या इस्पितळात. सही केली तर ते स्वप्नातच राहील. मालक उद्या परवा पुन्हा येतील. मी काय करू, ते कळवा. मला तुमच्याशिवाय कोण आहे?

तुमचीच,
धाकटी

२० फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. हे पत्र त्याला मोठ्याने वाचून दाखव. त्याने कान झाकले तर हात धर.

बारक्या, तुझ्या बायकोने मला सगळं सांगितलं. तिच्यावर डोळे वटारू नकोस, आधीच पट्टी आहे.

वकीलबाईंना खांद्यापासून मनगटापर्यंत टाचण्या लावल्या आणि विचारलं. त्या म्हणाल्या, कामावर असताना, काम करताना इजा झाली, तर भरपाईच्या अर्जात चूक कुणाची हे कुणी तोलत बसत नाही. जोडीदाराची चूक असली तरी भार मालकावर. तुझी स्वतःची चूक असली तरी भार मालकावर. तो सुटतो कधी, तर कामगार दारू प्यायलेला असेल, किंवा त्याने सुरक्षेचं साधन मुद्दाम फेकून दिलं असेल. आता कळलं ना, त्या कागदात चष्मा कशाला घातलाय? तुझ्या तोंडून तेवढंच एक वाक्य त्यांना हवं आहे.

म्हणजे ज्याला वाचवायला तू खोटं बोललास, त्याच्यावर या अर्जात ठपका येतच नाही. आणि खरं बोलला म्हणून त्याला कामावरून काढलंच, तर त्याच्यासाठीही भांडता येईल असं बाई म्हणाल्या. तुमचा रिवाज चांगल्या मनाने केलेला आहे रे. पण त्याने भलं होतंय ते मालकाचं.

आणखी वाटाही आहेत. पिंपावर लिहिलं होतं त्याहून आतलं ॲसिड कडक असेल, तर ते विकणाऱ्यावर वेगळा दावा लावता येतो. पण तो वर्षानुवर्षं चालतो, तेव्हा आधी भरपाईचा अर्ज. मालकाने कामगारांचा विमा उतरवला आहे का, ते आधी बघायचं, कारण मग इलाज आणि पैसे तिकडून मिळतात. घरात बसून केलेल्या तडजोडीपेक्षा कामगार अधिकाऱ्यासमोर नोंदवलेली तडजोडच खरी. मुदत असते, तेव्हा झोपून राहायचं नाही. डॉक्टरीणबाईंकडून त्या कोऱ्या कातडीचं लेखी घ्या. तो चष्मा आणि त्या दिवशीचा शर्ट असेल तर धुऊ नका, उघडा हात लावू नका, डब्यात बंद करून ठेवा.

कोट मी फुकट शिवला. बाई नको म्हणत होत्या, पण टाचण्या माझ्या हातात होत्या.

सुस्कारेला दारातून परत पाठवू नका. त्याला आत बसवा.
लोभाचं काय सांगू, तो आमच्याकडे पिढीजात आहे.
ताई

६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आज अक्षर माझं आहे. मुंग्या चालल्यासारखं दिसतंय, पण माझं आहे. पट्टी सुटली. उजव्याने सगळं दिसतं. डाव्यापुढे दुधाची साय धरल्यासारखं आहे, त्यातून उजेड येतो, माणूस येत नाही. पहिल्यांदा हिला बघितलं. इतकी वाळली आहे, आणि रोज मला सांगत होती की मी जाड झालेय.

तुझं पत्र ऐकल्यावर मी हिच्याशी बोललो नाही. राग तुझा नव्हता. इतके दिवस मी तळ्यावर निवांत होतो, चूक उशाला घेऊन. ती काढून घेतल्यावर झोप लागेना. मालक आले, तर ही दारात उभी राहून म्हणाली, ते झोपलेत, आणि उठल्यावरही सही करणार नाहीत. मी आतून ऐकलं आणि गप्प राहिलो. म्हणजे माझं ठरलंच होतं म्हणायचं.

काल सुस्कारे आला. हिने जिन्यावरच त्याची वाट अडवली आणि आत आणलं. शर्टाच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून तो कोपऱ्यात बसला. मी म्हटलं, लेका, एवढ्या उकाड्यात लांब बाह्या? मी उठून त्याची बाही वर केली.

ताई, त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले आहेत. माझ्या अंगावरचा भिजलेला शर्ट त्याने उघड्या हातांनी फाडून काढला होता, मला नळाखाली धरलं होतं. माझे डोळे मिटलेले, मला काय कळणार? उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. तेच हात मोज्यात घालून तो रोज टाकीवर जातोय, पाइप अडकवायचे आकडे मनगटाने ओढतोय, कारण रिवाजाप्रमाणे तो धडधाकट आहे. त्याला दोन घरं चालवायची आहेत. आम्ही दोघं लहान मुलांसारखे रडलो. ही चहा ठेवायला गेली ती बराच वेळ बाहेरच आली नाही.

वकीलबाईंना सांग, अर्ज एक नाही, दोन आहेत.
तुझा,
बारक्या

२३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आज कामगार अधिकाऱ्यापुढे पहिली तारीख होती. खोली लहान, पंखा जुना. खिडकीतून ऊन येत होतं, त्यात धूळ इतकी संथ फिरत होती की मला गुंगी यायला लागली. वकीलबाई तुझा कोट घालून आल्या होत्या. मालकाच्या वकिलाने चष्म्याचं काढलं, तर बाईंनी डॉक्टरीणबाईंचं लेखी आणि तो चिरलेला चष्मा पुढे ठेवला. मग तो पाण्यावर आला. पाणी कुणी ओतलं, ते आधी सांगा म्हणाला.

सुस्कारे उठला आणि म्हणाला, मी. तेवढ्यात मीही उठलो होतो, जुन्या सवयीने, आणि म्हणालो, मी. खोलीत सगळे हसले. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. अधिकारी मात्र हसले नाहीत. म्हातारे गृहस्थ आहेत. त्यांनी आम्हा दोघांनाही नीट बघितलं आणि म्हणाले, चूक कुणाची हे मी विचारलेलं नाही. कुणाला लागलं, तेवढं सांगा.

ताई, हे आम्हाला टाकीवर कधी कुणी विचारलेलं नाही. मी उभाच राहिलो. सुस्कारेने बाह्या मागे सारल्या, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि पहिल्यांदाच स्पष्ट आवाजात म्हणाला, मला लागलं.

मग मीही म्हणालो.

दोन्ही अर्ज दाखल करून घेतले आहेत. पुढची तारीख पडली आहे. तू ये.
तुझा,
बारक्या