विश्वासाच्या दाखल्याची अट रद्द

मी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा इंजिनदुरुस्ती, राहणार वर्कशॉपच्या मागचं घर, सगळ्या गिऱ्हाइकांना 'कानवाला मिस्त्री' म्हणून ठाऊक असलेला, आज हा कागद माझ्या राजीखुशीने लिहून ठेवतो. डॉक्टरांनी सकाळी रक्तदाब पाहिला, आजचा वार विचारला आणि शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. मी दोनपर्यंत उतरलो आणि खाली जाऊ का म्हणून विचारलं, तेव्हा ते म्हणाले पुरे. सबब माझी बुद्धी शाबूत आहे. मला कोणी धमकी दिलेली नाही की फूस लावलेली नाही. तेवढी हिंमत फक्त माझ्या बायकोत होती, आणि ती गेल्या वर्षी वारली.

कलम १. सतरा वर्षांपूर्वी केलेलं माझं मृत्युपत्र मी या कागदाने संपूर्ण रद्द करतो. त्यातलं एक कलम इथे उतरवून ठेवतो, म्हणजे मी नेमकं काय पुसतो आहे ते मागे राहणाऱ्यांना कळेल. ते असं होतं: "राहते घर आमच्या दोन मुलींपैकी जी ख्रिस्ती विश्वासात उभी असेल तिला मिळावे व त्याबद्दल पाळकांचा लेखी दाखला जोडावा. दोघी उभ्या असल्यास निम्मे-निम्मे."

हे डोकं माझं. धाकटी तेव्हा तेवीस वर्षांची होती. एका रविवारी ती जेवताना म्हणाली, "बाबा, मी यापुढे चर्चला येणार नाही. तिथे उभी राहून मी जे म्हणते ते मला खरं वाटत नाही." मी तिला एक शब्द बोललो नाही. वकिलाकडे गेलो. भांडणतंटा नको, घर पुढे धरायचं, पोरगी आपोआप वळेल, असा हिशोब. फार हुशारी केली असं तेव्हा वाटलं होतं. घर माझ्याच नावावर, तरी बायकोचीही संमतीची सही घेतली. तिने पेन हातात धरून विचारलं, "अहो, ही अट तुम्ही मुलीला घालताय की देवाला?" मी म्हटलं, "सही कर, वकील खोळंबलेत."

कलम २. हत्यारं. मी हा धंदा रस्त्याच्या कडेला एका पत्र्याच्या पेटीवर सुरू केला. पेटीत तीन पाने, एक हातोडी आणि एक लांब स्क्रू-ड्रायव्हर. गिऱ्हाईक आलं की पेटी उघडायला मला उठावं लागे, इतकं ते दुकान लहान होतं. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आत काय चाललंय ते ऐकायचं. बेअरिंग गेलं, व्हॉल्व्ह सैल झाला, सगळं कळतं. झाकण न उघडता मी रोग सांगायचो आणि मग झाकण उघडून तोच दाखवायचो. एवढ्यावर हे घर, हे वर्कशॉप आणि दोन मुलींची शिक्षणं झाली.

ही सर्व हत्यारं, लेथ आणि चालू धंदा मी माझ्या मुख्य कारागिराला देतो, ज्याला सगळे 'घड्याळ' म्हणतात, कारण तो सव्वीस वर्षांत एकदाही वेळेवर आलेला नाही. त्याला मी अनेकदा उपासनेला बोलावलं. तो म्हणायचा, "मालक, सहा दिवस तुमच्यासाठी उठतो, सातव्या दिवशी देवालाही आराम द्या माझ्यापासून." बिघडलेल्या कामाबद्दल तो गिऱ्हाइकाशी खोटं बोलल्याचं माझ्या कानांनी कधी ऐकलेलं नाही. पेटी मात्र त्याने विकू नये.

कलम ३. माझा माजी भागीदार. बारा वर्षांपूर्वी तो माझी निम्मी गिऱ्हाइकं घेऊन समोरच्या फुटपाथवर गेला आणि 'अस्सल कानवाले' अशी पाटी लावली. ती पाटी लावायला त्याने शिडी माझ्याकडूनच नेली. ती त्याने अजून परत केलेली नाही. ती ॲल्युमिनियमची शिडी मी त्याला कायमची देतो, म्हणजे माझ्या पश्चात तो चोर ठरणार नाही. त्याच्यावर प्रेम करावं असं मला दर रविवारी सांगितलं जातं. अजून जमलेलं नाही. शिडीपर्यंत पोहोचलो आहे, एवढं नोंदवतो.

कलम ४. वर्कशॉपची जागा, पत्र्याच्या शेडसह, माझ्या थोरल्या मुलीला. ती शाळेची मुख्याध्यापिका आहे आणि तिला ग्रीसचा वास सोसत नाही, तेव्हा तिने स्वतः तिथे येऊन काही करावं अशी अपेक्षा नाही. घड्याळ भाडं देईल. उशिरा देईल.

कलम ५. बँकेतली ठेव थोरलीच्या दोन्ही मुलांना, शिक्षण पुरं झाल्यावर, सारखी. त्यांनी काय मानावं, कुठे जावं, कोणाशी लग्न करावं याबद्दल कोणतीही अट नाही. चर्चच्या जनरेटरसाठी वरच्या फळीवर एक नवा पंप गुंडाळून ठेवला आहे, तो चर्चला. जुना पावसाळ्यापलीकडे जाणार नाही, मी ऐकलं आहे.

कलम ६. राहतं घर. इथे जरा विस्ताराने लिहितो, कारण घोटाळा मी इथेच केला होता.

बायकोला मेंदूचा झटका आला आणि त्यानंतर तिची माणसांची ओळख पुसत गेली. धाकटीने दुसऱ्या शहरातली एक्स-रे विभागातली नोकरी सोडली, इथल्या दवाखान्यात अर्धवेळ धरली आणि घरी आली. तीन वर्षं तिने आईला उचललं, धुतलं, भरवलं. आईला ती मुलगी वाटतच नसे; चमचे चोरणारी मोलकरीण वाटे. मी भिंतीपलीकडे बसून ऐकत असे.

"ए बाई, चमचे मोजलेस का?"

"मोजले बाईसाहेब. सहा आहेत. सातवा माझ्या खिशात."

"मालकांना सांगीन मी."

"सांगा. मालक बहिऱ्याचं सोंग घेतात."

मग दोघीही हसत. आई कधी सूप तिच्या अंगावर थुंके. धाकटी कपडे बदलून येई आणि म्हणे, "चला, दुसरा अंक." थोरली दर शनिवारी येत असे, इस्त्रीच्या चादरी घेऊन. आईजवळ बसून प्रार्थना करी, आणि त्या वेळी आई शांत होई हे मी नाकारणार नाही. तिच्या घरी अंथरुणाला खिळलेले सासरे होते. तिने कमी केलं असं कोणी म्हणू नये.

बायकोला पुरलं, आणि मला ती जुनी अट टोचू लागली. मी मेल्यावर दोघी दाखल्यावरून भांडणार, त्यापेक्षा माझ्यासमोर निकाल लागू दे, म्हणून एका रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांना आणि थोरलीला घरी बोलावलं आणि ते कलम सर्वांना वाचून दाखवलं. पाळकसाहेब स्वभावाने मऊ. धाकटी इस्त्री करत होती. घर सुटलं तर तिला डोक्यावर छप्पर नव्हतं, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

पाळकसाहेबांनी चहा घेतला आणि म्हणाले, "मी दाखला देतो. दोघींचाही. जिने आईची अशी सेवा केली तिच्यात विश्वास नाही असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? प्रेम हाच पुरावा."

माझ्या जिवात जीव आला. थोरलीने कप खाली ठेवला.

"नाही पाळकसाहेब. तसं असेल तर आईचे डॉक्टर, घड्याळ, ती रात्रपाळीची नर्स, सगळ्यांना दाखले द्या. माया कोणीही करतं. मग प्रभू आला कशाला?"

"अगं, पण कृतीवरून..."

"उतारावर बंद इंजिनाची गाडीही धावते. बाबांनीच शिकवलंय आम्हाला."

हे खरं आहे, मीच शिकवलं होतं. धाकटीने इस्त्री उभी केली.

"ताई, आईला तीन वर्षं उचलणं हा तुला उतार वाटला?"

थोरलीने खाली ठेवलेला कप बशीत फिरवला. मग म्हणाली, "नाही. चढ होता. उभा चढ."

"मग?"

"मग काय, मला ठाऊक नाही. पण तू विश्वास ठेवत नाहीस. तूच सांगितलंस. मी ठेवते असं लिहून देऊ का तुझ्या वतीने?"

मला वाटलं आता भांड्याला भांडं लागणार. पाळकसाहेबांनी पुढे सरकून धाकटीला विचारलं, "एवढंच सांग, हे सगळं तू मनात कुठेतरी प्रभूसाठी केलंस ना? हो म्हण, मी लगेच सही करतो."

घर एका 'हो'वर आलं होतं. मी मनातल्या मनात म्हणत होतो, म्हण पोरी.

"मी आईसाठी केलं," धाकटी म्हणाली. "तिच्यात आणि माझ्यात तिसरं कोणी होतं की नाही ते मला खरंच ठाऊक नाही. असेल तर चांगलंच आहे. पण माझ्या कामावर तुमचा शिक्का नको पाळकसाहेब. ताई बरोबर बोलतेय." आणि ती पुन्हा इस्त्री करू लागली. चादर थोरलीचीच होती.

थोरली उठली आणि चादरीचं दुसरं टोक धरलं. मी दोघींना बघत राहिलो. पंचावन्न वर्षं इंजिनं ऐकली, पण टाकीत किती इंधन आहे ते कान लावून कळत नाही, हे मला त्या दिवशी समजलं.

आता माझं मत. ते विचारलेलं नाही, पण हे माझं मृत्युपत्र आहे. मी विश्वास ठेवणारा माणूस आहे आणि त्याच विश्वासात जातो आहे, याबद्दल मला शंका नाही. कोणी माया करतो एवढ्यावरून तो ख्रिस्ती ठरत नाही, थोरलीचं खरं. तसं ठरवणं म्हणजे दुसऱ्याच्या कष्टावर आपली पाटी लावणं, आणि पाटी लावणारे लोक मला आवडत नाहीत (कलम ३ पाहावं). पण उलट बाजू पक्की आहे. जो विश्वास सांगतो आणि ज्याच्यात माया नाही, त्याचं इंजिन बंद आहे, ते ऐकायला स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही. तेव्हा ही कसोटी दुसऱ्याला लावायची नाही, स्वतःलाच लावायची. मी ती सतरा वर्षांपूर्वीच्या माझ्या कलमाला लावून पाहिली. आत काही हलत नव्हतं. पोरीचं छप्पर पुढे धरून मी तिच्याकडून 'हो' मागत होतो, आणि तिने खोटं बोलायचं नाकारलं म्हणून मी वाचलो.

सबब राहतं घर, अंगण आणि आतल्या सर्व वस्तूंसह, चमचे धरून, धाकटीला. अट कोणतीही नाही, दाखला कशाचाही नाही. थोरलीने मनात आणलं तर ती हे कलम कोर्टात नेऊ शकते, हा कागद टिकला नाही तर जुन्या मृत्युपत्राचा आधार तिला मिळेल असं वकील म्हणतात. नेऊ नये अशी माझी विनंती आहे. विनंतीच आहे. अट घालण्याचं मी सोडलं.

कलम ७. दफनविधी साधा. भाषण पाच मिनिटं. मला कोणी 'आदर्श ख्रिस्ती' म्हणू नये. भागीदार मागच्या बाकावर बसलेला असेल आणि तो हसेल.

सही करण्यापूर्वी हाताने वाढवलेला मजकूर. वरचा कागद टाइप होऊन आला आणि आज दुपारी वकिलांनी तो सर्वांसमोर वाचला. साक्षीदार म्हणून डॉक्टर आणि शेजारचे औषधवाले ठरले होते. डॉक्टरांनी आपली खुर्ची पुढे ओढली. औषधवाले उठणार तेवढ्यात थोरली म्हणाली, "काका, तुम्ही बसा. दुसरी सही मी करते."

वकील म्हणाले, "बाई, साक्षीदाराला या कागदातून काहीही घेता येत नाही. तुमची वर्कशॉपची जागा जाईल."

"मुख्याध्यापिका आहे मी वकीलसाहेब. वाचता येतं मला."

मी म्हटलं, "का गं? दुसरे साक्षीदार आहेत की."

ती म्हणाली, "बाबा, तुम्ही गेलात की घरोघरचे लोक मला सांगायला येतील, म्हातारा भ्रमिष्ट झाला होता, जुना कागद काढ, कोर्टात जा. माझ्या सासरचेच पहिले येतील. आणि मला मोह पडेल. मी ओळखते मला. तुम्ही शुद्धीवर होतात असं आज माझ्या हाताने लिहिलं की मग मोह पडून उपयोग नाही."

"अगं, पण जागा..."

"घड्याळला द्या. राबतो तोच तिथे."

दारातून धाकटी म्हणाली, "ताई, विचार कर हं. जागा परत मागितलीस तर मी भाडं लावीन तुझ्या चादरींना."

"तू गप्प बस. पेन कुठे आहे?"

पाळकसाहेब तिथेच होते. त्यांचे डोळे भरून आले आणि ते काही बोलणार होते. थोरलीने त्यांच्याकडे वर्गात बघतात तसं बघितलं. "पाळकसाहेब, याला कशाचंही नाव देऊ नका."

त्यांनी दिलं नाही. मीही देत नाही.

म्हणून कलम ४ बदलून वर्कशॉपची जागा घड्याळला देतो. बाकी सर्व वर लिहिल्याप्रमाणे.

ठिकाण: राहत्या घरातली पुढची खोली
तारीख: चौदा मार्च, शुक्रवार, दुपारचे चार

लिहून ठेवणार: कानवाला मिस्त्री (सही)

साक्षीदार १. कुटुंबाचे डॉक्टर. यांनी माझ्यासमोर सही केली. वयाच्या मानाने प्रकृती ठीक, श्रवण उत्तम. (सही)

साक्षीदार २. थोरली मुलगी. यांनी माझ्यासमोर सही केली. ते पूर्ण शुद्धीवर होते. कलम ६ मी दोनदा वाचलं आहे आणि ते मला मान्य आहे. (सही)