ऋचाला लागलेलं कॉलेज

निगडी, प्राधिकरण

ती. आई,

तुला आणि बाबांना नमस्कार. मी बरी आहे. फोनवर बोलताना मामी शेजारीच असते, म्हणून लिहितेय.

मला कॉलेज मिळालं. चाकणच्या पुढे आहे, नवीनच आहे. काळजी करू नकोस, वर्गात मुली बऱ्याच आहेत. बाबांचा गुडघा कसा आहे?

प्रवेशाच्या पहिल्या फेरीत मला काहीच का लागलं नाही, असं तू विचारत होतीस. मुकुंदमामा म्हणाला होता, "फॉर्ममध्ये फक्त मोठी कॉलेजं भर. खालचं एखादं भरलंस की तेच गळ्यात पडतं." मी ऐकलं. मामाच्या ऋचाला माझ्याहून कमी मार्क, तरी तिला आकुर्डीचं कॉलेज लागलं. दुसऱ्या फेरीत तिथे जागाच उरली नाही.

काल ऋचा सहज म्हणाली, "शेवटी एक हमखास मिळणारं टाक, असं बाबांनीच सांगितलं होतं. तुला नाही सांगितलं?"

मी मामाला विचारलं. पेपरातून मान वर न करता तो म्हणाला, "तू हुशार. तुला कशाला लागतंय तसलं?"

त्याच्याशी भांडू नकोस, तुझा एकुलता एक भाऊ आहे. मी कॉलेजजवळ हॉस्टेल बघितलंय, रविवारी जाईन.

फक्त एक कर. फोन ठेवताना तू त्याला दर वेळी म्हणतेस, "माझ्या पोरीसाठी फार केलंस रे." या वेळी तेवढं म्हणू नकोस.

तुझी,
निवेदिता